चौदा क्लबांची जॅनिस

जॅनिस ओल्डरॉइडच्या पायाला भिंगरी आहे, असं इंग्लंडमधल्या हॅगफोल्ड गावात सगळेच म्हणत. खाण बंद पडल्यावर गावातली पुष्कळ माणसं पोटासाठी बाहेर गेली, पण ही बया गेली ती चेंडूच्या मागे. चौदा क्लब, चार देश आणि जाईल तिथे पाठीवर नऊ नंबर. मोसम संपला की बॅग भरलीच म्हणून समजा. तिची आई दुकानात रांगेत उभी राहून सांगायची, "आमच्या जॅनिसला खोली देऊन चुकलंच माझं. गाडीची डिकी दिली असती तरी चाललं असतं."

अकरा वर्षांची होईपर्यंत ती शाळेत मुलांच्या संघात खेळली आणि त्यांना रडवलं. मग नियम आडवा आला, मुलींनी मुलांबरोबर खेळायचं नाही. बापाने तिला दोन बस बदलून बार्न्सलीपलीकडच्या बायकांच्या संघात नेऊन सोडलं. तिथून जी सुटली ती सुटलीच. बायकांच्या फुटबॉलमध्ये तेव्हा पगार वगैरे नव्हता. पहाटे टपाल वाटायचं, संध्याकाळी सराव, रविवारी सामना. आइसलँडच्या क्लबाने राहायला खोली दिली ती मासे साफ करायच्या कामासकट. स्वीडनमध्ये तिने शाळेच्या जेवणघरात बटाटे सोलले. पण गोल मात्र सगळीकडे केले. गोलासमोर ती थंड असायची, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं तसा चेंडू कोपऱ्यात टाकायची.

लोक तिला हावरी म्हणत, कोणी धडपडी म्हणत. सारखं निघून जाण्याचं खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नाही, कारण ते सांगायची तिला लाज वाटत होती.

ते कारण अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि समुद्रकाठच्या एका क्लबाच्या मॅनेजरशी कडाक्याचं भांडून घरी परतली होती. इकडे हॅगफोल्ड लेडीज, म्हणजे गावचाच संघ, उत्तर विभागाच्या कपात कधी नव्हे तो पुढे सरकत होता आणि नेमका त्यांच्या पुढच्या फळीतल्या पोरीचा घोटा मोडला होता. जॅनिस आयतीच सापडली. तिला नोंदवून घ्यायचं काम एनिड क्रॅबट्रीचं.

एनिड क्लबाची सेक्रेटरी, तेरा वर्षं. साठीला टेकलेली, बुटकी, चष्म्याला साखळी. पंचांना फोन, मैदानाची परवानगी, शर्ट धुणं, सामना संपल्यावर सँडविच, सगळं तिच्याकडे. अर्ज भरायचा तिचा एक रिवाज होता. कागद खेळाडूच्या हातात द्यायचीच नाही. स्वतः एकेक प्रश्न मोठ्याने वाचायची, उत्तर ऐकायची, मग शाईने लिहायची आणि खाली आपली सही करायची. तिची सही असली की लीगवाले दुसऱ्यांदा बघत नसत.

"या मोसमात या कपात दुसऱ्या क्लबाकडून खेळली आहेस का?" एनिडने वाचलं.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. एका मोसमात एका कपात एकाच क्लबाकडून खेळायचं. जॅनिस सप्टेंबरात जुन्या क्लबाकडून शेवटची आठ मिनिटं बदली म्हणून उतरली होती. चेंडूला तिचा पाय दोनदा लागला असेल. आठ मिनिटांना काय खेळणं म्हणायचं, असं तिच्या मनात आलं. बाप आजारी होता आणि त्याने तिला गावच्या शर्टात कधी पाहिलं नव्हतं, हेही मनात आलं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही," एनिड पुटपुटली, लिहिलं, सही केली आणि केक कापला.

उपांत्य सामना हॅगफोल्डने तीन-एक जिंकला. दोन गोल जॅनिसचे. बाप घोंगडी पांघरून रेषेजवळ बसला होता आणि शेजारच्यांना नको नको होईपर्यंत सांगत होता की ती माझी पोरगी. अंतिम सामन्यासाठी दोन बस ठरल्या, बायकांनी लाल-पांढरे मफलर विणायला घेतले. आणि सामन्याला बारा दिवस असताना लीगचं पत्र आलं. हरलेल्या संघाने जुनी यादी शोधून काढली होती. हॅगफोल्ड बाद.

क्लबाच्या मागच्या खोलीत कमिटी बसली. कप्तान बेव्ह सग्डेन, भट्टीतून काढल्यासारखी लाल झालेली, जॅनिससमोर येऊन उभी राहिली.

"तू खेळली होतीस आणि बोलली नाहीस? तोंडाला कुलूप होतं काय?"

"सांगितलं होतं मी," जॅनिस म्हणाली. "अर्ज भरतानाच एनिड आंटींना सांगितलं होतं."

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. सगळ्यांनी एनिडकडे पाहिलं. एनिडने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती भांडेल, ओरडेल, खोटारडी म्हणेल, असं जॅनिसला वाटलं. तसं झालं असतं तर आपण तिथल्या तिथे कबूल केलं असतं, असं तिने पुढे वीस वर्षं स्वतःला समजावलं. पण एनिडच्या डोक्यात खोटेपणा शिरतच नसे, स्वतःचा नाही आणि दुसऱ्याचाही नाही.

"असं?" ती म्हणाली. "मग माझ्याच डोक्यातून गेलं असेल गं. मला आपलं वाटत होतं की... नाही, पोरगी सांगतेय म्हणजे सांगितलंच असणार." आणि तिने अर्जांची पेटी टेबलावरून बेव्हकडे सरकवली.

बेव्ह एनिडला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. जॅनिस मूग गिळून बसली. तीन आठवड्यांनी ती आइसलँडला गेली.

त्यानंतर प्रत्येक नव्या क्लबात कोणीतरी पेन घेऊन समोर बसे आणि ती अर्ज ओढून घेऊन स्वतःच भरी. सहा-आठ महिने बरे जात. मग कोणीतरी म्हणे, जॅनिस, आता तू कप्तान हो, तुझ्यावर भरवसा आहे. तो शब्द ऐकला की ती बॅग भरायला घेई.

गुडघे गेल्यावर ती हॅगफोल्डला परतली आणि पुन्हा टपाल वाटू लागली. बाप केव्हाच गेला होता. एनिड भाचीजवळ राहायला पलीकडच्या गावात गेली आहे, हे ऐकून जॅनिसला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं याची शरमही वाटली. तीन वर्षं ती त्या गावच्या बसमध्ये चढली नाही.

मग क्लबाने ठरवलं की जॅनिसचा सत्कार करायचा. रविवारी दुपारी जेवण आणि मानाची ढाल. ढाल कोणाच्या हस्ते, तर जुन्या सेक्रेटरी एनिड क्रॅबट्री यांच्या. निमंत्रण वाचून जॅनिसला दोन दिवस अन्न गोड लागेना. शनिवारी सकाळी ती बसमध्ये चढली.

एनिडने दार उघडलं आणि तिला मिठीच मारली. "ये, ये! केवढं नाव काढलंस गं!"

स्वयंपाकघरात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या होत्या. शेगडीवर 'बंद केली का', दारावर 'किल्ली', फोनशेजारी जाडजूड वही. जॅनिसची नजर तिकडे गेलेली पाहून एनिड हसली.

"हसू नकोस हं. कोण काय बोललं ते लगेच लिहून ठेवते. त्या कपाच्या भानगडीपासून माझा माझ्या डोक्यावर विश्वासच उरला नाही. गाडी चालवणं सोडलं, हिशोबाचं सगळं भाची, शीला, बघते. आमचे रॉन आजारी होते तेव्हा त्यांच्या गोळ्यासुद्धा शीलाच द्यायची. ते म्हणायचे, एनिड, तूच दे ना. पण मी कुठली देते! म्हटलं, विसरून दोनदा दिली तर?"

जॅनिसने चहाचा कप खाली ठेवला. आजवर तिला वाटत होतं की तिने एका बाईचं पद घालवलं. पद तर त्यातलं सगळ्यात स्वस्त निघालं.

"आंटी, तुम्ही विसरला नव्हता," ती म्हणाली. "मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि मी 'नाही' म्हटलं. खोटं बोलले. आणि कमिटीत पुन्हा खोटं बोलले."

एनिडने खुर्ची जवळ ओढली. "परत सांग."

जॅनिसने परत सांगितलं.

"म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं."

"हो."

"आणि बरोबर लिहिलं."

"हो, आंटी."

"डॉक्टरांकडे गेले होते मी, ठाऊक आहे? डोकं तपासायला. ते म्हणाले, बाई, काही झालेलं नाही. मी म्हटलं, ह्यांना काय कळतंय." तिने ती जाडजूड वही हाताने दूर सारली. "शेवटचे सहा महिने माझा नवरा माझ्या हातची गोळी मागत होता, पोरी."

"मी काय करू? सांगाल ते करते."

"माझ्यापाशी रडू नकोस. आधी तो चहा संपव आणि जा. उद्या मी येणार आहे. ढाल माझ्या हातात असेल, पण ती मी तुला देणार नाही. तू उभी राहायचंस आणि सांगायचंस. मागच्या टेबलापर्यंत ऐकू जायला हवं."

रविवारी क्लबाचा हॉल भरला होता. भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही आणि पाठीमागे क्लबाच्या नव्या पोरींची खिदळ. बेव्ह सग्डेन पहिल्या टेबलावर, आता आजी झालेली. जॅनिसचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या थांबेनात. तिने पेनल्टी मारल्या होत्या परक्या देशांत, हजारो माणसं शिट्ट्या मारत असताना, पण ते यापेक्षा सोपं होतं.

"नव्व्याण्णवचा अंतिम सामना तुम्ही खेळला नाहीत तो माझ्यामुळे," ती म्हणाली. कोणीतरी हसलं, गंमत वाटून. ती थांबली नाही. आठ मिनिटं सांगितली, 'नाही' सांगितलं, कमिटीतलं खोटंही सांगितलं. बेव्हने काटा खाली ठेवला आणि तिच्याकडे असं पाहिलं की जॅनिसला ती शिवी देईल तर बरं असं वाटलं. तिने दिली नाही. ती खुर्ची फिरवून एनिडकडे वळली.

"सोमवारी संध्याकाळी आंटींच्या स्वयंपाकघरात अर्ज भरला," जॅनिस कशीबशी पुढे बोलत होती, "तेव्हा मी..."

"मंगळवारी," एनिड म्हणाली.

ती पुढच्या टेबलाशी ढाल मांडीवर घेऊन बसली होती. सगळे वळले. शेजारी बसलेल्या शीलाने सवयीने तिच्या हातावर हात ठेवला. एनिडने तो बाजूला केला.

"मंगळवार होता. सोमवारी मी दाढ काढून घेतली होती, बोलताच येत नव्हतं, तर प्रश्न कुठून विचारते! मंगळवारी, सव्वासहाला. आल्याचा केक केला होता आणि तू दोन तुकडे खाल्लेस." तिने सगळ्या हॉलकडे पाहिलं. "माझी खात्री आहे."

शीला तोंडावर हात धरून बसली. वीस वर्षांत मावशीच्या तोंडून तिने हे तीन शब्द ऐकले नव्हते.

"मंगळवारच होता," जॅनिस म्हणाली. "आंटींचं बरोबर आहे."

"मला ठाऊक आहे माझं बरोबर आहे," एनिड म्हणाली. "हे रॉनला जाऊन सांगशील का?"