हॉबर्टचा सहा फुटी डेक

"कोल्ह्यानंच उकरलंय बघ," डेल्मर कबरीपाशी गुडघ्यावर बसत म्हणाला. "माझ्या लुएलाला मरूनबी चैन न्हाई."

हॉबर्ट ट्रॅक्टरवरून खाली उतरला नाही. टोपी मागं सारत म्हणाला, "असंल गड्या. कोल्हंच असंल."

एवढंच बोलून त्यानं ट्रॅक्टर घराकडं वळवला.

केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात चर्चमागच्या कबरस्तानातलं गवत हॉबर्ट स्कॅग्ज कापतो. बापामागं तोच कापत आला. यंदा त्याच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालचा गवत कापायचा डेक, म्हणजे पात्यांचा पत्र्याचा डबा, गंजून फाटला. अवजारांच्या दुकानातली नॅडीन म्हणाली, "हॉबर्टकाका, पाच फुटी घ्या. तुमचा ट्रॅक्टर केवढा, कबरींमधली वाट केवढी! रुंद डेक कबरीच्या टेकाडावरनं गेला की वरचं गवत सोलून काढतोय."

पण समोर राहणाऱ्या डेल्मरकडं सहा फुटी होता, कुरणासाठी. "मग मी काय पोराबाळांचा नेऊ?" म्हणत हॉबर्टनं सहा फुटीच उचलला.

तो बसवायचा तर चाकांत सारखी हवा लागते, खाली सपाट फरशी लागते. पात्यांची टोकं दोन्ही अंगाला सारख्या उंचीवर आणायची, पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडकी खाली ठेवायची. हॉबर्टनं गोठ्यापुढच्या उतारावरच डेक चढवला आणि डोळ्यानंच अंदाज घेतला. डेल्मर कुंपणाला टेकून बघत होता. त्याच्यादेखत पट्टी घेऊन मोजत बसायचं म्हणजे कमीपणा वाटला. डावी बाजू खाली राहिली.

पहिल्याच फेरीत लुएलाच्या कबरीचं टेकाड सोललं. डेल्मरची बायको, गेल्या पानगळीत पुरलेली. डेल्मरनं बी टाकून, बादलीनं पाणी घालून तिच्यावर गवत धरवलं होतं. रविवारी फुलं वाहायला तिच्या बहिणी येणार होत्या.

त्या संध्याकाळी उरलेलं कापायला हॉबर्ट गेला, तर डेल्मर कबरीपाशी खुर्ची टाकून बसलेला. मांडीवर बंदूक.

"काय रं हे?"

"येऊ दे त्या कोल्ह्याला. रविवारपातुर हितंच हाय मी. मक्याचा पाव आणलाय, घे."

हॉबर्टनं तुकडा मोडला. तसाच खाली ठेवला.

"डेल्मर, कोल्हा न्हाई आला. मीच सोललं. डेक तिरका बसवला हुता. सकाळी तोंड उघडलं न्हाई."

डेल्मरनं बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली.

"सोललंस ते सोललंस. चुकतं माणूस. पर मला दिवसभर कोल्ह्यामागं लावलंस, लेका. लुएलाच्या बहिणींना फोन करून कोल्हा सांगितला मी. आता काय सांगू, शेजारीच कोल्हा निघाला म्हणून?"

हॉबर्टनं टोपी काढली. "मीच सांगतो. रविवारी, समद्यांम्होरं."

"सांगच."

"माती आणू का?"

"तिथं तू हात लावू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चपुढच्या सिमेंटवर हॉबर्टनं ट्रॅक्टर घेतला. चाकांची हवा बघितली, पालथं पडून, पट्टीनं मोजून डेक दोन्ही अंगाला सारखा केला. तिकडं डेल्मर ओंजळीनं माती पसरत होता. त्यानं इकडं मान वळवली नाही. रुंद डेक नुसता कडेच्या मोकळ्या पट्ट्यात फिरला. मग हॉबर्टनं ट्रॅक्टर बंद केला, हातानं ढकलायचं गवताचं यंत्र काढलं आणि लुएलाच्या कबरीपासून पार दुसऱ्या टोकाच्या रांगेत शिरला.