वीणा खाली ठेवता येत नाही

सोनईच्या अलीकडं आमचं गाव. तिथलं भांडण पोलिसांत जायच्या आधी पुंजारामच्या ओट्यावर जायचं. बांधाचं असो की सासू-सुनेचं. निवाडा करताना हा माणूस कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. "माळकरी खोटं बोलंल व्हय?" एवढं म्हटलं की दोन्ही बाजू गप्प.

रस्त्यापलीकडं शांतवन मास्तर राहतात, ख्रिस्ती. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडं भजन, तेही टाळ-मृदंगावर. मृदंगाला कणीक लावून सूर जुळवायला मात्र पुंजारामच जायचा. मास्तरांना ते आयुष्यभर जमलं नाही.

यंदा सप्ताहाचा मांडव त्यांच्या घरासमोरच पडला. सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रविवारी संध्याकाळचा पहारा पुंजारामचा होता, वीणा त्याच्या गळ्यात. मास्तरांच्या घरी माणसं बाटवतात, असं कुणाच्या तरी मोबाईलवर आलं आणि मांडवातलीच पोरं उठली. पुढं पुंजारामचा सख्खा पुतण्या, हनुमंत. जाताना सगळे वीणेकऱ्याच्या पाया पडून गेले. आशीर्वाद घेऊन डोकी फोडायला निघायचं, ही आमच्याकडची भक्ती!

पाया पडणाऱ्यांच्या हातात काठ्या होत्या, त्या पुंजारामनं पाहिल्या. "बसा खाली," एवढं म्हणाला असता तरी बसले असते. तो बोलला नाही.

दार फुटलं. मास्तरांच्या बायको मरियाबाई ओरडल्या, "भाऊजी, धावा हो!" पुंजारामनं डोळे मिटले आणि 'राम कृष्ण हरी' जोरात म्हणायला लागला. मास्तरांचा हात मोडला. टाळ गटारीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. बायकोला, चांगुणाबाईला म्हणाला, "लोकं म्हनत्यात, वीणा हुती म्हनून गेला न्हाई. मला भ्या वाटलं गं. पोरानं माझं ऐकलं नसतं तर माझी काय किंमत ऱ्हाईली असती?" शांतता समितीच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर सांगायचं, हनुमंताचं नावही घ्यायचं, असं त्यानं ठरवलं.

बैठक झाली. साहेब आले, सरपंच आले, फोटोवाला आला. आपलं गाव तर समजूतदारपणात सगळ्यांच्या पुढं! बाहेर दंगल चालू असताना ज्यानं व्रत मोडलं नाही, त्या पुंजारामचा सत्कार ठरला, आणि तो मास्तरांच्या हस्ते. एकोपा दिसायला नको का?

मास्तरांचा एक हात प्लास्टरमध्ये. एका हातानं शाल नीट पडेना, घसरायला लागली. तेव्हा पुंजारामनं मान खाली घातली आणि खांदा पुढं केला. मग माईक त्याच्या हातात आला. समोर हनुमंत बसला होता. पुंजाराम म्हणाला, "समद्यांनी गुन्यागोविंदानं ऱ्हावं." टाळ्या कडाडल्या. मला तिथं बसवेना, इतकी लाज वाटली. त्याची, आणि आम्हा सगळ्यांचीच.

बैठक सुटून पुंजाराम बाहेर आला, तिथं मरियाबाई उभ्या होत्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "भाऊजी, सप्ता उठताना, काल्याच्या दिवशी तुमी वीणा गळ्यात घिऊन गावभर फिरता, न्हाई का?"

"व्हय," पुंजाराम म्हणाला.

"मग आमचं घर तर समोरच हुतं."