वर की खाली

माझा आतेभाऊ आयुष्यात कधी हरवला नाही. असं तो स्वतः सांगतो, त्याचं सगळं गाव सांगतं, आणि गेली पंचवीस वर्षं मीही त्यावर मान डोलावत आलो आहे. लांज्याच्या अलीकडे, सड्याच्या म्हणजे कातळी माळाच्या पायथ्याशी त्याचं घर आहे. धुक्यात, मुसळधार पावसात, डोळे बांधून कुठल्याही वाडीत नेऊन सोडलं, तरी दोन पावलं टाकून तो सांगेल, घर वर आहे की खाली. त्याच्या जगात दिशा दोनच. सडा तिकडे वर, समुद्र तिकडे खाली. उजवं-डावं माणसाच्या हाताला असतं, रस्त्याला नसतं, असं त्याचं ठाम मत आहे. "परत येताना तेच उलटं होतं, मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" असं तो विचारतो, आणि मला आजवर याचं उत्तर सापडलेलं नाही.

तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. वाहनाचं आणि त्याचं जमत नाही. लांज्याहून रत्नागिरीला आमच्याकडे यायचं तर एस.टी.ला इलाज नसतो, पण स्टँडवर उतरलं की आमच्या घरापर्यंत तो चालतच येणार. गाडीत बसलं की रस्ता बुडाखालून निघून जातो, त्याची ओळख होत नाही, म्हणतो. छत्री बाराही महिने काखेत. रस्ता विचारायचा तर तीन माणसांना विचारायचा, हा त्याचा शिरस्ता. पहिला घाईत असतो, दुसऱ्याला ठाऊक नसतं तरी तो सांगतो, तिसरा खरं सांगतो. कधी कधी तिसरा लवकर भेटावा म्हणून पहिल्या दोघांना तो उगाचच काहीतरी विचारून मोकळा होतो. आणि रस्त्याच्या आधी प्रत्येकाचं गाव विचारतो.

याशिवाय त्याचा एक नियम आहे. लहानपणी करवंदं काढायला सड्यावर जायचो, तेव्हा आत्याने तो आम्हाला घालून दिला होता. चुकामूक झाली तर एकाने जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने शोधायचं. दोघंही शोधायला लागले तर दोघंही हरवतात. मी हा नियम विसरलो. दादा विसरला नाही.

मी तेवीस वर्षांचा असताना मला पुण्याहून नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. नोकरी रत्नागिरीतच होती, मुलाखत तेवढी पुण्यात. मी एवढं मोठं शहर कधी पाहिलं नव्हतं, दादानेही नव्हतं, पण वडील म्हणाले, त्याला घेऊन जा, तो हरवत नाही. सकाळी स्वारगेटला उतरलो. दादा जागच्या जागी दोनदा फिरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"समुद्र कुठं हाय?"

मी म्हटलं, इथे समुद्र नाही.

"मग पावसाचं पाणी जातं कुठं?"

हेही मला माहीत नव्हतं. त्याने एका गृहस्थांना गाठलं, गाव विचारलं, मग आमचा पत्ता दाखवून विचारलं, वर जायचं की खाली. गृहस्थ म्हणाले, "जमिनीवरूनच जा," आणि गेले. मला कानकोंडं झालं. दादाला त्यांची दया आली. सपाट गावात जन्म गेला, बिचाऱ्याला कळणार कसं, असं तो मला समजावत राहिला.

रिक्षात बसायला तो तयार नव्हता. आम्ही चालत राहिलो. दुसऱ्याने आम्हाला मागे पाठवलं, तिसऱ्याने पुन्हा पुढे. प्रत्येक जण सरळ म्हणून हात करायचा आणि रस्ता लगेच वळायचा. खूण म्हणून दादाने एक निळा टेम्पो लक्षात ठेवला होता. तो टेम्पो मधल्या काळात निघून गेला, आणि पुण्याने आपल्याला फसवलं असं दादाला वाटलं. एका छत्र्यांच्या दुकानासमोर आम्ही तिसऱ्यांदा पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. मुलाखत अकराला होती.

आता जे सांगतो ते मी कितीतरी वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. मी दादाला म्हटलं, तू इथेच थांब, मी पुढे विचारून येतो. कोपऱ्यावर वळलो आणि रिक्षा केली. खरं सांगितलं असतं तर तो "जा" म्हणाला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तो चालत मागे येईल, दारावरच्या शिपायाला त्याचं गाव विचारेल, आणि हा माझा भाऊ आहे हे सगळ्यांना दिसेल, याची मला लाज वाटली. मुलाखत एक वाजता संपली. मग तिथे आलेल्या इतर उमेदवारांबरोबर मी मिसळ खायला गेलो. दादाची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि त्याच्याशिवाय आणखी थोडा वेळ बरं वाटलं.

परतलो तेव्हा चार वाजत आले होते. दादा छत्र्यांच्या दुकानासमोर त्याच फरशीवर उभा होता, डोक्यावर छत्री उघडून. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. लांबून आपण मला दिसावं म्हणून त्याने ती साडेपाच तास धरली होती. दुकानदाराने स्टूल दिलं होतं, पण बसलो तर छत्री खाली येईल म्हणून तो बसला नाही. त्याला पाहून दोघा गिऱ्हाइकांनी भर फेब्रुवारीत छत्र्या घेतल्या, असं दुकानदार कौतुकाने सांगत होता.

"हरवलास काय रे?" दादाने विचारलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

मी हो म्हटलं. हरवलो, हरवता हरवता ते ऑफिसच समोर आलं, मुलाखत दिली, आणि येताना पुन्हा हरवलो. त्याने विश्वास ठेवला. नोकरी लागली तेव्हा त्याने ही गोष्ट गावभर केली. आजही त्यांच्या वाडीतून कोणी नोकरी शोधायला निघालं, की म्हातारी माणसं सांगतात, "वायच जरा हरवून बघ." आणि गोष्टीच्या शेवटी दादा न चुकता म्हणायचा, "मी हललो नाय, म्हणून हा सापडला." मी मान डोलावायचो.

यंदा फेब्रुवारीत माझ्या मुलीला भेटायला पुण्याला निघालो, तर दादा म्हणाला, मीही येतो, मला पुणं माहीत आहे. पुन्हा स्वारगेट. मुलीने फोनवर मेट्रोने या म्हणून सांगितलं होतं. दादाने एका बाईंना थांबवून विचारलं, "ताई, वर जायचं की खाली?"

"खाली काका. जिन्याने उतरा, अजून खाली."

दादाचा चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. "शहाणं झालं पुणं," तो म्हणाला.

खाली उतरल्यावर मी सवयीने म्हटलं, तू इथे थांब, मी तिकिटं काढतो. तो तिथल्या तिथे पाय जुळवून उभा राहिला आणि काखेतली छत्री काढून उघडू लागला. जमिनीच्या पोटात, दिव्यांच्या उजेडात.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी हरवलो नव्हतो." मग रिक्षा, लाज, मिसळ, सगळं सांगून टाकलं.

समुद्र नसलेल्या गावाकडे पाहावं तसा तो माझ्याकडे पाहत राहिला.

"म्हंजे मी कुठं हाय ते तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू कुठं ते मला नव्हतं." त्याने अर्धी उघडलेली छत्री मिटली. "मग हरवलेला मी होतो."



"बरं झालं हललो नाय ते," तो म्हणाला. "नायतर तू मला शोधला असतास कुठं?"

तिकिटांच्या रांगेत मी त्याला बरोबर नेलं. पुढच्या माणसाला त्याने गाव विचारलं नाही. तिकिटं घेऊन वळलो तर माझ्या शर्टाची कड त्याच्या मुठीत होती. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, की मी ते फक्त त्याच्या डोक्यावर ठेवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मुलाखतीची ती गोष्ट तो आता आपणहून सांगत नाही. गणपतीत कोणीतरी आग्रह केला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोघं पण हरवलो होतो. पण छत्री होती."