बंदूक निघाली की बँड बंद

आमचं बँडचं दुकान शिंदे की छावनीत, अगदी रस्त्याला लागून. घराण्यात पूर्वी सगळे शिंद्यांच्या फौजेत शिपाई. तलवारी गेल्या आणि हातात बाजा आला, असं सासरे सांगायचे. हे बँडमास्तर आणि धाकटे भावजी ट्रम्पेटवर. आमच्याकडे लग्नात गोळी झाडायची रीत आहे. नवरदेव घोडीवर बसला की काका, मामा, कुणीतरी कमरेचं काढतो आणि आभाळात उडवतो. ढोलाच्या आवाजाची व्हावी तशी त्या आवाजाचीही आम्हाला सवय झाली होती.

त्या दुपारी आमच्याच गल्लीतल्या मुलाची निकासी होती. निकासी म्हणजे नवरदेव घोडीवरून घराबाहेर पडतो ती मिरवणूक. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघत होते. नवरदेवाच्या आत्याच्या नवऱ्याने, सगळे त्याला फूफाजी म्हणत होते, गावठी कट्टा वर धरून चाप ओढला. गोळी सुटली नाही. त्याने कट्टा खाली घेतला, हलवून पाहिला आणि शेजारच्याकडे बघून हसला. तेवढ्यात कट्टा उडाला.

भावजींचं ट्रम्पेट तोंडाला होतं. गोळी एका बाजूने जबड्यात शिरली आणि दुसऱ्या गालातून बाहेर पडली. सुराच्या जागी ट्रम्पेटमधून रक्त आलं. ते गुडघ्यांवर कोसळले. त्यांचे दात डांबरावर पडलेले मी पाहिले. घोडी उधळली, जनरेटरच्या गाडीवर आदळली, तिच्या मांडीचं मांस फाटून लोंबायला लागलं. आणि पुढची रांग वाजवतच होती. एवढ्या दणदणाटात त्यांना काहीच कळलं नव्हतं. हेही पुढेच होते, पाठमोरे. लोक नाचत होते. मी धावत जाऊन पदराचा बोळा भावजींच्या तोंडात कोंबला, तर वेदनेने त्यांनी माझं बोट कडकडून चावलं. मी किंचाळले तेव्हा कुठे बाजा थांबला.

फूफाजी म्हणाला, “अरे, चल गई।” एवढंच. मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून तो निघून गेला. संध्याकाळी तीच वरात डीजे लावून निघाली.

भावजी वाचले. जबडा तारांनी बांधला, पण ओठ नीट मिटेनात. ट्रम्पेट कायमचं सुटलं. बोलणं जाडसर, लाळ गळायची. मी पेज भरवायला बसले की ते वाटी भिंतीवर भिरकावायचे. फूफाजीला अटक झाली आणि लगेच जामीनही झाला. ते कळलं त्या दिवशी भावजी शटर ओढायचा लोखंडी गज घेऊन त्याच्या घराकडे निघाले. ह्यांनी त्यांना भररस्त्यात गाठलं. दोघे भाऊ धुळीत लोळत एकमेकांना ठोसे मारत होते. ह्यांचं नाक फुटलं तरी ह्यांनी पकडलेला गज सोडला नाही. मी सोडवायला गेले खरी, पण मनात म्हणत होते, जाऊ द्या त्यांना. फुटू दे त्या माणसाचं डोकं.

घोडीवालाही तिथे आला होता. घोडी अजून लंगडत होती. भावजींना पाणी देत तो म्हणाला, “भैया, इसको मार दोगे, तो अगली निकासी में कोई दूसरा निकालेगा।”

“मग काय, बघत बसायचं?” मी विचारलं.

“घोड़ी मेरी है। मैं ले जाऊँ तो दूल्हा किस पर बैठेगा?”

ह्यांनी नाकाचं रक्त पुसलं. म्हणाले, “आणि बाजा माझा आहे.”

तिथून सुरुवात झाली. एकट्याने बाजा थांबवला तर उद्या लोक शेजारचा बँड बोलावतील, हे आम्हाला कळत होतं. म्हणून मी दुकानं धरून फिरले. बँडवाले, दिवेवाले, मंडपवाले, शहरातल्याच मुरार भागातल्या एका मॅरेज गार्डनचे मालक. ठरलं ते असं: बंदूक दिसली की बाजा बंद, दिवे खाली, घोडी माघारी, गार्डनचं फाटक बंद. बुकिंगच्या वेळीच हे सांगायचं. ठाण्यातल्या साहेबांनीही फोन आला की गाडी पाठवायचं कबूल केलं.

सगळेच काही ऐकले नाहीत. आमच्याच ओळीतला एक बँडवाला म्हणाला, “गोली चलती है, तभी तो बारात में जान आती है।” भावजी माझ्या मागेच उभे होते. त्यांनी त्याची मान धरली आणि डोकं काउंटरवर आपटलं. काच फुटली, त्याचं कपाळ फाटलं. आम्हीच त्याला टाके घालायला नेलं. तो आमच्यात आला नाही, आणि मी त्याला दोषही दिला नाही.

पुढच्या लग्नसराईत मुरारला निकासी होती. ढोलवाले घाबरले होते, म्हणून मीही सोबत गेले. चौकात नवरदेवाच्या मामाने पिस्तूल काढलं. ह्यांनी हात वर केला. सगळा बाजा एकदम थांबला. ती शांतता मला गोळीपेक्षा भयंकर वाटली. घोडीवाल्याने लगाम फिरवला.

“बजाओ!” मामा ओरडला आणि त्याने पिस्तूल ह्यांच्या छातीला लावलं.

“पहले अंदर रखिए।”

त्याने पिस्तुलाचा दस्ता ह्यांच्या कपाळावर हाणला. एकदा, मग पुन्हा. पांढऱ्या वर्दीवर, सोनेरी झालरीवर रक्त ओघळलं. मी ठाण्यात फोन लावला. भावजींनी मुठी आवळल्या, पण ते जागचे हलले नाहीत. ढोलवाल्यांनी काठ्या खाली ठेवल्या. एकही सूर निघाला नाही.

तिकडे घोडी नवरदेवाला घेऊन उलट्या दिशेने चालली होती. सेहऱ्याआडून तो ओरडला, “मम्मी, ये मुझे कहाँ ले जा रहा है?”

त्याची आई गर्दीतून पुढे आली. तिने भावाच्या थोबाडीत मारली, पिस्तूल हिसकावून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, “मुहूर्त निकल जाएगा तो लड़की वालों को तू जवाब देगा?” पोलिसांची गाडी आली तेव्हा पिस्तूल तिनेच त्यांच्या हवाली केलं.

ह्यांनी कपाळाला रुमाल बांधला, हात पुन्हा वर नेला आणि खाली आणला. बाजा सुरू झाला. टाके नंतर पडले. ती खूण अजून आहे.

शहरात गोळ्या थांबल्या म्हणावं, तर तसं नाही. अजून कुठे ना कुठे कुणी जखमी होतंच. पण आम्ही ज्या वरातीत जातो, तिथे त्यानंतर कुणाला गोळी लागली नाही. फूफाजीची केस चालूच आहे. भावजींच्या मनातला गज खाली ठेवला गेलाय, असं मी म्हणणार नाही. आता ते बँडच्या बाजूने चालतात, हातात काही न घेता. लोक नाचणाऱ्यांची तोंडं बघतात, भावजी त्यांच्या कमरेकडे बघतात. कुणाचा हात कोटाच्या आत गेला की ह्यांच्याकडे बघून ते मान हलवतात.

पुष्कळदा तो हात रुमाल घेऊनच बाहेर येतो.