वाळवंटातला माच

उम्म सलाल मोहम्मदच्या पलीकडे, डांबर संपून वाळू सुरू होते तिथं आमच्या मालकाचा इझबा होता. इझबा म्हणजे चारी बाजूंनी पत्रा ठोकलेलं जनावरांचं आवार. एकवीस शेळ्या, एक बोकड, चाळीसेक कोंबड्या, पाण्याची टाकी, आणि एका खोलीत आम्ही दोघं, मी आणि एक सुदानी. तो चाळिशीचा, मी साठी ओलांडलेला. आवार माझ्या हाताखाली आहे असं मी धरून चाललो होतो. तो तसं धरत नव्हता, पण तोंडानं कधी बोलला नाही.

मी रत्नागिरीकडचा. चौथीत शाळा सोडली ती शेळ्यांमागे जायलाच. त्यामुळे शेळी कशी राखायची हे मला कोणी सांगितलेलं खपत नसे. अजून खपत नाही.

सकाळी पहिलं काम कोंबड्यांचं. बेकरीतले शिळे खुबूस, म्हणजे तिकडच्या भाकऱ्या, पोत्यानं यायचे. ते भिजवून कुस्करायचे, खुराड्याचं दार उघडायचं, अंडी गोळा करायची. मग शेळ्यांना पाणी, हिरवा चारा, आणि दूध काढायचं. लोकांना वाटतं कतारात थंडी नसते. जानेवारीत पहाटे टाकीत हात घालून बघा. बोटं वळायची नाहीत. दूध काढायच्या आधी मी हात शेळीच्याच पोटाला लावून गरम करायचो, आणि ती मान वळवून माझ्याकडे असं बघायची की बाबा, तुझं काय ते लवकर आटप.

त्या हिवाळ्यात मालक आला आणि गाडीतून न उतरताच म्हणाला, इथून रस्ता जाणार. वर्ल्ड कपसाठी सगळीकडे तेच चाललं होतं. लांबवर क्रेन दिसायच्या, रोज एक वळण बंद आणि दुसरं चालू. उन्हाळ्याच्या आत आवार खाली करायचं होतं. जनावरं उत्तरेला त्याच्या भावाकडे जाणार होती. तिथं आधीच माणसं होती, जागा एकालाच. ‘बच्चा होने दो,’ तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘फिर देखेगा, कौन जाएगा.’

मला उत्तरेला जायचंच होतं. गावी ओट्यावर एक खुर्ची आहे. माझा बाप शेवटची अकरा वर्षं तिच्यात बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले द्यायचा आणि लोक ‘हो हो’ म्हणत पुढं जायचे. ती खुर्ची रिकामी होती आणि माझीच वाट बघत होती, हे मला ठाऊक होतं.

म्हणून मी ठरवलं, गाभण शेळ्यांसाठी माच बांधायचा. आमच्याकडे शेळी जमिनीवर बसवत नाहीत. चार महिने ओल, खूर कुजतात. कमरेएवढ्या उंचीवर फळ्यांचा माच करतात, फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवतात, लेंड्या खाली पडतात, शेळी कोरडी राहते. रस्त्याच्या कामावरच्या टाकून दिलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या तिथल्या वॉचमननं मला दिल्या. चांगल्या जाड फळ्या. आठ दिवस एकट्यानं बांधला. चढायला उतार केला, खूर घसरू नयेत म्हणून त्यावर आडव्या पट्ट्या मारल्या.

सुदानी उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, ‘हज्जी, नीचे रमल है. सूखा. शेळी को क्या बिमारी, ऊपर क्यों?’ रमल म्हणजे वाळू. शेळी हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला होता. मी हजला कधी गेलो नव्हतो, पण तिकडे म्हाताऱ्याला हज्जीच म्हणतात.

मी म्हणालो, ‘तू उंटवाला माणूस. तुला काय कळतंय?’

त्यानं डोक्याला बोट लावलं. ‘मुख माफी,’ म्हणजे अक्कल नाही. आणि हसला. मीही हसलो, पण मला लागलं.

बायकोला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिनं विचारलं,

‘अवो, तिथं चिखल हाय का?’

‘चिखल कुठला वाळवंटात?’

‘मग माच कशाला घातलात?’

मी फोन ठेवला. बाईमाणसाला काय सांगायचं, असं स्वतःशी म्हणालो. शिवाय आता चढवलेल्या शेळ्या खाली उतरवायच्या तर सुदानी बघत होता.

पहिली करडं झाली तेव्हा वारा पडलेला होता. सगळी नीट उभी राहिली. मी मालकाला फोन करून आकडा सांगितला. सात. मग उत्तरेचा वारा सुटला. दोन दिवस पत्रे वाजत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नमाजानंतर सुदानी माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं चाऱ्याच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला वाळूत खड्डा करून गोणपाट अंथरलं होतं. ‘बच्चा नीचे लाओ, हज्जी. यल्ला. आज ही.’

‘सकाळी बघू,’ मी म्हणालो.

सकाळी पाच करडं गेलेली होती. आयांच्या पोटाला चिकटून, पण ताठ. एक शेळी आपल्या करडाला अजून चाटत होती. मी फटीवर हात ठेवला. खालून वारा येत होता, सरळ हातावर. गावी आम्ही त्या वाऱ्यासाठीही फट ठेवतो, माच वाळावा म्हणून. एवढी वर्षं कतारात काढली आणि तिथं तोच वारा करडाला मारतो हे मला त्या सकाळी कळलं.

दोन करडं खड्ड्यात जिवंत होती. मी झोपल्यावर सुदान्यानं अंधारात हाती लागली ती उतरवली होती. पाचही करडं त्यानंच पुरली. मी कोंबड्यांचे खुबूस भिजवत बसलो, भिजून लगदा झाला तरी कुस्करत राहिलो.

जुम्म्याला नमाज आटोपून मालक आला. सुदानी त्याच्याशी अरबीत बराच बोलला. मला त्यातला ‘बर्द’ एवढाच शब्द कळला. बर्द म्हणजे थंडी. म्हणजे तो मला वाचवत होता. मालक मान हलवत होता. मग त्यानं माचाच्या खांबाला पाय लावला. ‘ये किसने बनाया?’

सुदानी पटकन म्हणाला, ‘हम दोनों.’

ते मला सोसलं नाही. करडं मेल्याचं सोसलं होतं, पण माझ्या हातच्या कामात कोणी दयेनं वाटा घ्यावा, हे नाही. मी पुढं झालो. ‘मैंने बनाया. अकेले. हिलाके देखो.’

मालकानं खरंच खांब धरून हलवला. हलला नाही. त्यानं फळ्यांच्या फटींकडे पाहिलं, खड्ड्यातल्या दोन करडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘खलास, हज्जी,’ तो म्हणाला. रागावून नाही. रागावला असता तर मी भांडलो असतो.

ट्रक आला त्या दिवशी त्याला जनावरं चढवायचा फळका नव्हता. शेळ्या चढेनात, ड्रायव्हर ओरडायला लागला. सुदान्यानं माचाच्या उताराकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मागणार नव्हता तो. मी पहार घेतली, उतार सोडवला आणि ट्रकला लावला. पुढं तो, काखेत दोन करडं, मागून शेळ्या एकेक करून माझ्या पट्ट्यांवर खूर टाकत चढल्या. एकही घसरली नाही. फळी जरासुद्धा लवली नाही.

‘चलो, बाबा,’ तो वरून म्हणाला. हज्जी नाही म्हणाला. मी हात वर केला नाही.

तिकीट येईपर्यंत महिनाभर कोंबड्या माझ्याकडे राहिल्या. मग त्याही कोणीतरी नेल्या.

आता मी त्या खुर्चीत बसतो. परवा मुलगा म्हणाला, ‘अब्बा, दोन शेळ्या आणू का? तुमचा वेळ जाईल. इथं चिखल आहे, माच तुमच्यासारखा कोण बांधतो?’

नको म्हणालो. बायको तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. त्या फोनचं ती आजवर एकदाही बोललेली नाही. बोलली असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं.