बैठकांनी मोजलेला किल्ला

मोजणीकाकांनी सरकारी नोकरीत तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर मोजमापावरचा त्यांचा विश्वास पार उडाला. किलोमीटर म्हटलं की दुखऱ्या दातावर गार पाणी पडावं तसा त्यांचा चेहरा होई. वेताळवाडीचा किल्ला किती लांब, असं विचारलं तर म्हणत, "चार बैठका."

बैठक म्हणजे झिपरीची. झिपरी ही फुलंब्रीच्या बाजारातून त्यांच्या मागे लागून आलेली गावठी कुत्री. चढताना ती बसे तिथं काका बसत आणि ती उठेपर्यंत उठत नसत. दर हिवाळ्यात, शेजारी या नात्याने, तंबू वाहायला मी असे. पायथ्याशी शिजवलेली खिचडी आधी तिला, मग मला. "ती पाहुणी हाय," काका सांगत. मग मी कोण, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

एकदा शहरातलं एक गिर्यारोहण मंडळ सोबत होतं. प्रमुखांच्या गळ्यात शिटी, छातीवर तीन बिल्ले, हातात मिनिटामिनिटाचा तक्ता. झिपरी नेमकी अरुंद वाटेत बसली.

"काका, आपण वीस मिनिटं मागे आहोत," प्रमुख म्हणाले.

"कुणाच्या मागं? किल्ला तर जागच्या जागी हाय."

पुढच्या हिवाळ्यांत चाराच्या सहा बैठका झाल्या, मग नऊ. झिपरीचं वय झालं, असं काका कधीच म्हणाले नाहीत. "किल्ला वाढायलाय लेका," एवढंच.

मागच्या हिवाळ्यात मात्र त्यांनी हट्ट धरला, तिला एकदा शेवटचं वर न्यायचंच. अकराव्या बैठकीला किल्ल्याचा दरवाजा समोर दिसत होता आणि झिपरी उठेना.

"उचलून घेऊ काका. दहा मिनिटांचं काम."

"तिला इचारलंस का?"

मी विचारलं. तिने शेपटीही हलवली नाही.

"मग झालं तर." काकांनी तिथंच पथारी टाकली. तासाभराने झिपरी आपणहून उठली आणि खाली निघाली. काकांनी दरवाजाकडे एकदाच वळून पाहिलं. झिपरीने तेवढंही नाही.

उन्हाळ्यात ती गेली. या हिवाळ्यात काका येणार नाहीत असं धरून मी निवांत होतो, तर तंबू पाठीला बांधून तेच माझ्या दारात उभे. चढ त्यांनी एका दमात संपवला. कुणी बसलंच नाही, तर थांबणार कसे? दरवाजा ओलांडून आत आले आणि सत्तरीचे ते गृहस्थ जत्रेत चुकल्यासारखे नुसते उभे राहिले.

"आता बसायचं कुठं रे?"

मी तिथंच उन्हात फतकल मारली. ते शेजारी टेकले.

"बसलास ते लई बरं केलंस," मग म्हणाले. "पण तिनं सावली बघितली असती."