सहा सिलिंडरांचा महादेवप्पा

अक्कलकोट रस्त्यावरच्या महादेवप्पाच्या गॅरेजात दिवसभर जीपा, टॅक्स्या आणि एखादा रुसलेला ट्रॅक्टर येऊन पडे. या चार सिलिंडरवाल्या प्रजेबद्दल त्याचं मत काही चांगलं नव्हतं. ‘चार खुरांची जनावरं’ म्हणायचा तो त्यांना. त्यांची दुरुस्ती तो चोख करी, पण हसत नसे. हसू त्याने कमलाकर वकिलांच्या गाडीसाठी राखून ठेवलं होतं.

ही गाडी वकिलांनी मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून घेतली होती. बाहेरून एवढीशी, पण बॉनेट उघडलं की आत एका रांगेत सहा सिलिंडर. ते तिथे मावले कसे, असं कुणी विचारलं की महादेवप्पाचं प्रवचन सुरू व्हायचं.

“गिरणीच्या चाळीतली खोली बगितलीय का? सहा भाऊ खाटा भिडवून झोपत्यात. तसंच हाय हे.”

इंजिन आखूड राहावं म्हणून ते बनवणाऱ्याने सिलिंडर इतके खेटून बसवले होते की मधून पाणी खेळायला जेमतेम फट. सोलापूरच्या उन्हात ते लवकर तापायचं. मग रेडिएटरमध्ये पाणी ओतताना महादेवप्पा त्याच्याशी कानडीत बोलायचा. माणसांशी तो मराठीत भांडायचा आणि यंत्रांशी कानडीत लाडीगोडी करायचा. लहानपणी मैंदर्गीला आईने आकडे कानडीत शिकवले, म्हणून सिलिंडर पेटण्याचा क्रमही त्याच्या तोंडी कानडीतच बसला होता : ओंदु, ऐदु, मूरु, आरु, एरडु, नाल्कु. म्हणजे एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. एकाचा धक्का दुसऱ्याने झेलायचा, त्याचा तिसऱ्याने, आणि शेवटी धक्का कुणालाच नाही. हे पटवून द्यायला तो चालत्या इंजिनावर पाण्याने भरलेला पेला ठेवी आणि पाण्याकडे बघायचं सोडून बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राही.

वकिलांच्या पत्नी दुर्गाबाई पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा थोड्या वेळाने म्हणाल्या, “महादेवप्पा, गाडी चालू करणार आहेस की नुसतं बसवून ठेवणार?”

गाडी केव्हाचीच चालू होती. हे वाक्य महादेवप्पाने पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. ज्यांनी आधी ऐकलं होतं त्यांनाही.

मग पेट्रोलचे भाव भडकले. चौऱ्याहत्तर साल उजाडलं तशी जो तो गाडीतलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवू लागला. टेंभुर्णीच्या कुंडलिक टॅक्सीवाल्याने बसवलं. त्याची टॅक्सी आता दिसायच्या बऱ्याच आधी ऐकू यायची.

दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाल्या, “कुंडलिक हुशार. तुम्ही आपले वकील.”

वकिलांनी महादेवप्पाला बोलावून सांगितलं, “डिझेलचं बघ बाबा. हे इंजिन मोडीत देऊन टाकू.”

साऱ्या सोलापुरात महादेवप्पाच्या हाताखाली असलेलं हे एकच सहा सिलिंडरचं इंजिन. ते गेलं की उरलेला जन्म चार खुरांत.

“थोडं दिस थांबा की साहेब,” तो म्हणाला. “पेट्रोल कमी पील असं करतो.”

आणि त्याने काय करावं? पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरच्या प्लगांच्या वायरी सोडल्या, व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्या काढल्या आणि दोघांना झोपवून टाकलं. आता काम चौघांनी करायचं. इंजिन सुरू केलं तर ते लंगडायला लागलं. ऐदु-मूरु, गप्प. एरडु-नाल्कु, गप्प. आयुष्यभर ज्याच्या कानाला इंजिनाचं साधं पडसं कळायचं, तो महादेवप्पा कपाळ पुसत स्वतःला सांगू लागला, “बसंल हळूहळू.” पेला मात्र त्याने फळीवरच राहू दिला.

गुरुवारी वकील पतिपत्नी अक्कलकोटला दर्शनाला निघाले. वाटेत हादऱ्यांनी डब्यातली आमटी दुर्गाबाईंच्या पातळावर आली. चढावर गाडी ओढेना म्हणून वकिलांनी पाय दाबून धरला, त्यामुळे पेट्रोल जेवढं जायचं तेवढंच गेलं.

परत आल्यावर महादेवप्पाला घरी बोलावून वकील म्हणाले, “इंजिन म्हातारं झालं रे. काढ आता.”

महादेवप्पा गप्प राहिला असता तर त्याचं नाव शाबूत राहिलं असतं. इंजिन संपलं, मिस्त्री काय करणार, असं गाव म्हणालं असतं. पण सहा भावांच्या कपाळी ‘म्हातारं’ हा शिक्का बसला असता, तोही त्याच्या हातून. तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

“त्याचं काय बी चुकलं न्हाई साहेब. म्याच दोगांना बांधून ठिवलंय.”

“कोणाला?”

“पयल्याला आन शेवटच्याला. चौगं राबले की खाणं कमी लागंल म्हनलं. पर हे सहाजणांचं घर हाय. चौगांत चालंना.”

वकील हळूच म्हणाले, “आवडतं म्हणून वाचवायचं, आणि वाचवता वाचवता आवडण्यासारखं काही उरू द्यायचं नाही. कोर्टात आम्ही याला तडजोड म्हणतो.”

दुर्गाबाई पातळावरचा डाग चोळत ओसरीवर आल्या. “डिझेल असंच हलतं का रे?”

“ह्याच्यापरीस लई, वैनीसाहेब.”

“मग राहू दे. कोर्ट काय कोसावर आहे? यांना चालत जाऊ दे, पोट तरी आत जाईल. गाडी गुरुवारची तेवढी काढा.”

वकिलांनी पोटाकडे पाहिलं.

पहिल्याला आणि सहाव्याला पुन्हा जोडून पुढच्या गुरुवारी गाडी चालवायला महादेवप्पा स्वतः आला. धुतलेला सदरा घातला होता, नखं मात्र तशीच काळी. वकील शेजारी बसले. दुर्गाबाई मागे डबा मांडीवर घेऊन बसल्या, या वेळी झाकण दोन्ही हातांनी दाबून. महादेवप्पाने चावी फिरवली आणि समोर बघत बसला. ओठ तेवढे हलत होते, ओंदुपासून नाल्कुपर्यंत.

मागून आवाज आला, “महादेवप्पा, उन्हं वर आली. गाडी चालू करतोस ना?”

महादेवप्पाने गिअर टाकला नाही. त्या पुन्हा एकदा विचारतात का, याची वाट बघत तो तसाच बसून राहिला.